इंडिकेटर भराभर लुकलुकतो, म्हणजे फ्लॅशर गेला?

संत्र्याच्या हंगामात काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून पिकअप गाड्या रात्रीतूनच नागपूरच्या कळमना बाजाराच्या वाटेला लागतात. क्रेट वरपर्यंत रचलेले असतात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ड्रायव्हर दिसत नाही की त्याने बाहेर काढलेला हात. दिसतात ते दोन टेललाइट. त्यातला एक इंडिकेटर बंद असेल, तर गाडी वळणार आहे हे त्याला ती वळल्यावरच कळतं. मागचा इंडिकेटर बल्ब बदलणं हे जेमतेम दहा मिनिटांचं काम आहे. पण चुकीच्या समजुतींपायी माणसं भलतंच काहीतरी बदलत बसतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

सगळ्यात पक्का बसलेला समज हा, की एका बाजूचा इंडिकेटर अचानक दुप्पट वेगाने टकटक करू लागला म्हणजे त्याला लुकलुकवणारा फ्लॅशर खराब झाला. खरं तर त्या वेळी फ्लॅशर आपलं काम चोख करत असतो. पुढचा 21 वॅटचा आणि मागचा 21 वॅटचा बल्ब मिळून 12 व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर करंट घेतात. त्यातला एक गेला की करंट जवळजवळ निम्म्यावर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर ही घट ओळखतो आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून वेग वाढवतो. नियमाप्रमाणे इंडिकेटरने मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवं. त्याहून घाई दिसली की खाली उतरून पुढचा आणि मागचा दिवा बघायचा. फ्लॅशरवर किंवा फ्यूजवर संशय घ्यायचा तो दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या तर. आणि हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावल्यावर जो दिवा पेटतो तोच नुसत्या इंडिकेटरला पेटत नसेल, तर बल्ब ठीक आहे, दोष बहुतेक स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये आहे.

‘बल्बमधली तार शाबूत दिसते, म्हणजे बल्ब चांगला’ हेही खरं नाही. खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तार टोकाशी सुटते आणि वरून बघताना अखंड वाटते. खात्री करायची सोपी रीत म्हणजे दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब काढून इथे लावणे. तोही पेटला नाही, तर दुकानात जाऊ नका, होल्डर बघा. पिकअपचे टेललाइट हौद्याखाली, चाकांच्या चिखलाच्या माऱ्यात असतात. पावसाळ्यानंतर होल्डरच्या पितळेवर हिरवट थर धरतो आणि अर्थच्या वायरचा बोल्ट गंजतो. अर्थ बिघडल्याची खूण ओळखीची आहे: इंडिकेटर लावला की शेजारचा पार्किंगचा दिवाही त्याच्या तालावर मंद उजळतो, कारण करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. अशा वेळी नवे बल्ब कितीही घाला, फरक पडत नाही. काचपेपरने बोल्टखालचा पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून थोडं व्हॅसलिन लावा.

आता खुद्द बल्बबद्दल. ‘बारा व्होल्टचा कुठलाही द्या’ असं काउंटरवर सर्रास म्हटलं जातं. जुना बल्ब हातात घेऊन त्याची पितळी टोपी नीट बघा. बुडाला एकच ठिपका असेल तर सिंगल पॉइंट, दोन असतील तर डबल पॉइंट. हा डबल पॉइंट ब्रेक आणि पार्किंग दोन्हीसाठी असतो, इंडिकेटरला चालत नाही. मग टोपीच्या बाजूच्या दोन बारीक पिना बघा. साध्या पांढऱ्या बल्बवर त्या अगदी समोरासमोर असतात. नारिंगी बल्बवर त्या 150 अंशांवर, थोड्या एका बाजूला सरकलेल्या असतात. हे मुद्दाम केलेलं आहे. इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तर आतला बल्ब नारिंगी हवा. तिथे पांढरा बसूच नये म्हणून ही रचना. तरीही कानशीने पिन घासून पांढरा बल्ब बसवून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. इंडिकेटर नारिंगीच हवा असा नियम आहे आणि मालवाहू गाडीच्या फिटनेस तपासणीत दिवे बघितले जातात. जुन्या नारिंगी बल्बचा रंग पोपडे धरून उडाला असेल, तर तो पेटत असला तरी बदला.

‘काचेला बोट लावलं की बल्ब फुटतो’ ही गोष्ट हेडलाइटच्या हॅलोजनची. तो प्रचंड तापतो आणि बोटाच्या तेलाचा डाग त्याला बाधतो. इंडिकेटरचा बल्ब साधा असतो, पुसून लावला की झालं.

एलईडी घातला की कटकट संपली, असंही अनेकांना वाटतं. एलईडी दोन-तीन वॅटवर चालतो, म्हणून मूळ फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं आणि तीच घाईची टकटक सुरू होते. त्यावर तोडगा म्हणून रेझिस्टर जोडतात. 6 ओहमचा रेझिस्टर 12 व्होल्टवर 24 वॅट उष्णता टाकतो. तो प्लॅस्टिकला चिकटवला तर प्लॅस्टिक वितळतं, आणि विजेची बचतही गेली. एलईडी हवाच असेल, तर त्याला जुळणारा फ्लॅशर घ्या. माझ्या मते कामाच्या गाडीला साधा, चांगल्या कंपनीचा बल्ब पुरेसा आहे.

बदलण्यासाठी बॅटरी सोडवायची गरज नाही. चावी बंद करा, बल्ब गार होऊ द्या. बहुतेक पिकअपमध्ये काचेचे स्क्रू बाहेरूनच सुटतात. बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की बाहेर येतो, नवा दाबून उजवीकडे फिरवला की बसतो. काच परत लावताना रबरी गॅस्केट जागेवर आहे ना बघा, नाहीतर पाणी शिरेल. स्क्रू जोर लावून आवळू नका, कोपऱ्यात तडा जातो. मग कोणाला तरी मागे उभं करून डावा, उजवा, ब्रेक, पार्किंग आणि हॅझर्ड सगळं तपासा.

हॅझर्डचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे नागपुरात कमी नाहीत. बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि गाडी वळतेय असं त्याला वाटतं. हॅझर्ड रस्त्यात बंद पडलेल्या किंवा धोक्याच्या जागी थांबलेल्या गाडीसाठी आहे. सरळ जाणाऱ्याने कुठलाच इंडिकेटर लावायचा नसतो.