एका चौकोनात एक अक्षर

इंग्लंडमध्ये इयर वनच्या मुलांची जूनमध्ये फोनिक्सची चाचणी होते. ४० शब्द मोठ्याने वाचायचे, त्यातले २० चक्क निरर्थक. शब्द ओळखीचा नसला तरी एकेक ध्वनी जोडून वाचता येतो का, एवढंच बघायचं असतं. या सवयीत तयार झालेलं आपलं मूल देवनागरीसमोर अडखळतं. घरात मराठी बोलतं, पण आजीचा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज आईलाच वाचून दाखवावा लागतो.

'शिरा' घ्या. डावीकडून ध्वनी जोडत गेलं की आधी वेलांटी लागते, मग श. 'शर्ट'मधला र तर ट च्या डोक्यावर जाऊन बसलेला! आम्ही काही पालक शनिवारी मुलांना मराठी शिकवायला बसतो, तिथे यावर शब्दकोडं कामी आलं. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक लेटर असतं. मराठीत मात्र पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट. 'शर्ट'ला चौकोन दोन, श आणि र्ट. 'स्त्री'ला एकच. आडव्या 'कावळा'तल्या पहिल्या चौकोनातून उभा 'काका' निघतो, 'कमळ' निघत नाही. क आणि का वेगळे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

कोडी बनवून देणाऱ्या बऱ्याच फुकट साइट्स इथे गंडतात. युनिकोडमध्ये 'स्त्री' म्हणजे सहा सुटे तुकडे, म्हणून प्रोग्रॅम सहा चौकोन आखतो आणि शेवटच्यात नुसती वेलांटी लटकते. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आला, पण जुन्या साइट्सना त्याचं काय! त्यापेक्षा गणिताची चौकटीची वही बरी.

सगळ्यात रंगतात ती नात्यांची कोडी. इंग्रजीत सगळ्याच 'आंटी'. आपल्याकडे तीन चौकोन असले तर मावशी, पण दोन असले तर आत्या, काकू की मामी? बाबांची बहीण की काकांची बायको, हे विचारायला मुलं थेट आजीलाच व्हिडिओ कॉल लावतात.

तेव्हा गावाकडच्या आजी-आजोबांना एक विनंती. घरच्याच शब्दांचं, पाच बाय पाचचं कोडं वहीत आखा आणि फोटो पाठवा. सूचक वाक्यं छोटी ठेवा, अक्षर सुटं आणि ठळक काढा. उत्तरं मात्र आई-बाबांनाही कळवू नका.