आधी विचारा, हा राबला कुठे?

काष्टीच्या बैलबाजारात जाणकार शेतकरी आधी बैलाचे दात पाहतो, मग खूर, आणि शेवटी त्याला चालवून बघतो. व्यापाऱ्याने सांगितलेले वय तो नुसते ऐकून घेतो. हाच शेतकरी जुना मिनी ट्रॅक्टर घेताना मात्र मीटरवरच्या तासांवर आणि ताज्या रंगावर भाळतो. मीटर बदलता येतो, त्याची केबल काढूनही ठेवता येते. म्हणून ‘किती तास चालला?’ याच्याआधी ‘कुठे राबला?’ हे विचारा. अहिल्यानगर जिल्ह्यात पीक तालुक्यागणिक बदलते आणि ट्रॅक्टरची झीजही.

राहाता, संगमनेरच्या डाळिंब बागांत छोटा ट्रॅक्टर बराच काळ ब्लोअर ओढतो. फवारणीतल्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. ते लोखंडाला आणि वायरिंगला खाते. सीट उचलून वायरींचे जोड पाहा. निळसर-हिरवी भुकटी दिसली की समजावे. इंजिन बंद करून पीटीओ शाफ्ट हाताने हलवा. तो खडखडला, तर आतले बेअरिंग गेलेले असू शकते.

श्रीगोंदा, नेवाशाकडचा उसातला ट्रॅक्टर बांधणी आणि रोटाव्हेटरला जुंपलेला असतो. तिथे क्लच आणि लिफ्ट तपासा. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि चहा होईपर्यंत थांबा. तेवढ्यात अवजार जमिनीला टेकले, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. या तपासणीत अवजाराखाली कुणी हात-पाय घालू नये.

अकोल्याच्या भातखाचरात चिखलणी केलेला फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलचे थोडे ऑइल काढून बघा. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर सील फाटून पाणी आत गेले आहे.

इंजिनची परीक्षा सकाळी, थंडपणीच करा. पोहोचताच बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. ते कोमट लागले, तर तुमच्या आधीच चालू करून ठेवले आहे. मग निवांत बसा, गार होऊ द्या. चालू झाल्यावर निळसर धूर सुटतच राहिला, तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइल भरण्याचे झाकण सैल करून बघा. तिथून जोरात वाफारा येत असेल, तर रिंगा-लायनर झिजले असण्याची शक्यता मोठी. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ट्रॅक्टर सहा वर्षांचा, मीटरवर जेमतेम तास आणि टायर मात्र कोरे, हे गणित जुळत नाही.

शेवटी कागद. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी आधी घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. नुसत्या स्टँपवरच्या लिखापढीने ट्रॅक्टर तुमच्या नावावर होत नाही; उद्या अपघात झाला, तर हीच ढिलाई नडते.

एवढे पाहून झाले की विकणाऱ्याला म्हणा, ‘तासभर शेतात चालवून बघतो.’ तो राजी नसेल, तर विसार देऊ नका.