खालची कुस्ती

संपादकांनी पाठवलं होतं वेगळ्याच कामासाठी. पिंजऱ्यातल्या लढतींचं, म्हणजे एमएमए आणि ब्राझिलियन जुजुत्सूचं वेड मोबाइलवरून खेड्यांत पोचलंय. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरची पोरं त्याकडे कशी बघतात, ते पाहून या, असा निरोप होता. मी पोरांना भेटायला गेलो आणि हुमनाबाद तालुक्यातल्या एका तालमीत, साठी ओलांडलेल्या एका वस्तादांच्या गुडघ्यांपाशी अडकलो.

तालीम म्हणजे पत्र्याखालचा हौद, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकवलेली करेलाची जोडी. बीदरचं पठार जांभ्याचं, त्यामुळे लाल माती घरची. कलबुर्गीकडे उतरलं की काळी, तुरीची जमीन लागते. ती अंगाला चिकटते आणि वाळली की ढेकूळ होते, कुस्तीच्या कामाची नाही. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद मुरलेली. वस्तादांचं वजन फार तर पासष्ट किलो. समोरचा गडी नव्वदच्या घरातला. वस्तादांनी त्याला खाली बसवलं, म्हणजे गुडघे आणि हात टेकून, पोट मातीकडे करून. मग त्याच्या पाठीवर आले आणि म्हणाले, ऊठ.

त्याला उठता येईना. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, एकदा कुशीवर वळायला गेला आणि होता तिथेच परत आला. वस्ताद वरून माझ्याशी बोलत होते, दम न लागता.

मेख त्यांच्या गुडघ्यांत होती. ते मातीला टेकलेलेच नव्हते. वरच्याचा गुडघा टेकला की त्याचं निम्मं वजन जमिनीत जातं. पायाचे पंजे रोवून गुडघे बोटभर वर ठेवले, तर सगळं वजन छातीतून खालच्याच्या पाठीत उतरतं. छाती कुठे ठेवायची, हा पुढचा प्रश्न. कमरेवर बसलात तर तो पुढून उठतो. मानेवर गेलात तर तो हात धरून तुम्हालाच पुढे ओढतो. दोन फऱ्यांच्या मध्ये, किंचित तिरकं, अशी तळहाताएवढी जागा आहे. एक हात जांग्याच्या पट्ट्यात, दुसरा मानेखालून पलीकडच्या मनगटावर. खालच्याने ज्या हातावर भार घेतला तोच हात ओढून घ्यायचा. आधार गेला की तो पुन्हा खाली. पोरांना ओरडून सांगायचे ते तीन भाषांत, एका दमात: “हिडी, हिडी! छोड मत! मान दाब लेका, मान!” एका पोराने जोरात अंग टाकलं तेव्हा मात्र हळू बोलले, “वजन टाकू नको बाबू, ठेव. टाकलेलं त्याला कळतंय.”

याला कब्जा म्हणतात. जत्रेच्या फडात निवेदक लाउडस्पीकरवर “पट काढून कब्जा घेतला” म्हणतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात आणि पुढच्याच मिनिटाला कंटाळतात. खरं काम तर तिथून सुरू होतं. कब्जातून घिस्सा निघतो: जांग्या मागून पकडून, मान दाबून खालच्याला पुढे रेटत उलटवणं. घुटना निघतो, त्यात मानेवर गुडघा येतो. सवारीत पाय पायात गुंतवून त्याची कंबर बांधली जाते. हे डाव अर्ध्या मिनिटात होतात, पण आधीची पाच मिनिटं खालचा दमवावा लागतो. मला स्वतःला ही पाच मिनिटं विजेसारख्या कलाजंग डावापेक्षा जास्त आवडली. त्यात ताकदीहून हिशेब मोठा असतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे. तालमीपासून काही कोसांवर बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. जुन्या मराठीच्या खुणांसाठी आपले अभ्यासक या ग्रंथाचं नाव घेतात; पण त्यात ‘मल्लविनोद’ असाही एक भाग आहे. मल्लांचे वय, आकार आणि बळावरून प्रकार, त्यांची मेहनत, त्यांचा खुराक, राजाने त्यांना डाळी, मांस, दूध, साखर पुरवावी, इथवर सगळं आहे. डावांची नावंही आहेत. डाव कसा करायचा, ते मात्र लिहिलेलं नाही. मला हे राजाचं आळशीपण वाटत नाही. छाती दोन फऱ्यांमध्ये किती तिरकी ठेवायची हे लिहून कळत नाही, अंगाखाली जाऊनच कळतं. वस्तादांनी मलाही खाली बसवलं तेव्हा ते पटलं.

दुसरी गोष्ट १९५६ ची. राज्य पुनर्रचनेआधी हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात आजच्या लातूरकडचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके होते. त्यातल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. म्हणजे ज्यांना आपण लातूरचे बिराजदार मामा म्हणतो, ते जन्माने बीदर जिल्ह्याचे. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पैलवान घडवले. २०१८ च्या राष्ट्रकुलात सोनं जिंकणारा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली सुरुवातीला तयार झाला. मामा २०११ मध्ये गेले. सीमा हलली, पण जत्रांचे फड तिला कधी जुमानत नव्हते. औरादचा गडी देगलूरला लढतो, उमरग्याचा आळंदला.

आता मोबाइल. तालमीतल्या विशीच्या एका पोराने वस्तादांपुढे एक चित्रफीत धरली. एक माणूस उताणा पडलेला, दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती गुंडाळलेले. वस्तादांनी चष्मा वर करून पाहिलं. “हा तर चीत झाला की. अजून काय बघायलास?”

त्यांचं चुकलं नव्हतं. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की खेळ संपला, हलगी वाजली, फेटा बांधला. जुजुत्सूत मात्र तिथूनच सुरुवात होते. उताण्या पडलेल्या माणसाच्या आणि तुमच्या मध्ये त्याचे पाय आहेत, बाभळीच्या कुंपणासारखे. त्याला गार्ड म्हणतात. त्या कुंपणाआडून तो तुमचा गळा आवळू शकतो, कोपर मोडू शकतो, तुम्हाला उलटवून वर येऊ शकतो. वरच्याने ते पाय ओलांडून बाजूला जाऊन छातीला छाती लावली की गार्ड पार झाला. स्पर्धेत त्याचे तीन गुण, छातीवर स्वार झालात तर चार, पाठ मिळवून दोन्ही पाय आत अडकवलेत तरी चार. प्रत्येक जागा तीन सेकंद टिकवून दाखवावी लागते. ही विद्या मूळ जपानची. मित्सुयो माएदा हा जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसी कुटुंबात गेली. १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे पिंजऱ्यातल्या लढतींच्या स्पर्धेत, सडपातळ रॉइस ग्रेसीने आपल्याहून भारी गडी जमिनीवर नेऊन हरवले, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

गार्ड पार करणाऱ्याचं अंग पाहा. गुडघे उचललेले, वजन पंजांवरून पुढे, खांदा खालच्याच्या जबड्याखाली, हात त्याच्या कमरेवर. कंबर आणि मान, या दोन गोष्टी ताब्यात असल्या की माणूस ताब्यात. हुमनाबादच्या वस्तादांचं शास्त्र हेच आहे. त्या पोराला मी विचारलं, त्यानेही तेच सांगितलं: वरून दाबायला आम्हाला शिकवावं लागत नाही.

जमिनीवर माणूस न हलवता येण्याचा सर्वांत गाजलेला पुरावा कुस्तीतलाच आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान पोलंडच्या झ्बिश्कोशी लढला. झ्बिश्को पोटावर, हातापायांवर जो बसला, तो अडीच तासांहून जास्त वेळ तसाच राहिला. गामा वरून सगळे प्रयत्न करून थकला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा ठरली तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्याला दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं, जमिनीवर ठाण मांडायची संधीच न देता.

आता काळजीचं बोलतो. जत्रेचा पैलवान पिंजऱ्यात जाईल का, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या अंगात मुरलेल्या सवयींत आहे. पडतापडता पोटावर वळायचं, हे त्याला दहाव्या वर्षापासून शिकवलेलं. मातीत ते शहाणपण आहे. पिंजऱ्यात तेच वळणं म्हणजे पाठ देऊन गळा पुढे करणं, कारण तिथे मागून गळा आवळून संपवता येतं. दुसरं, घिस्सा आणि निम्मा कब्जा जांग्यावर उभा आहे. एमएमएत चड्डी धरायला परवानगी नाही. तिसरं, पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, डोकं खाली घालून आत शिरलेल्याची मान तिथे उघडी असते. यूएफसीत उतरलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू मराठी मुलखातलाच, भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला तो चीनच्या साँग यादाँगशी लढला आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून मानेला घातलेल्या फासात, हरला.

हे शिकून बदलता येतं. जगभरचे कुस्तीगीर बदलले आहेत. पण त्यासाठी मॅट लागते, गळा आवळणं आणि सुटणं शिकवणारा माणूस लागतो, आणि तो शिकवेपर्यंत खुराकाचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. दूध, बदाम, तूप यांचा खर्च शेतकरी बाप जत्रेच्या इनामावर भागवतो. होळीनंतर फड लागतात, पावसाळ्यात मिळकत नाही. पोराला पुणे-मुंबईच्या क्लबात पाठवायचं तर ते एक हंगाम मातीपासून तुटतं, आणि पिंजऱ्यात जमलं नाही तर परत येऊन जोड मिळत नाही. तालमीतल्या त्या विशीच्या पोरापुढे हा हिशेब आहे. तो बोलत नाही, चित्रफिती बघतो.

माझी खरी काळजी मात्र पिंजऱ्याची नाही, फडाची आहे. आता जत्रेत खालच्या कुस्तीला वेळच मिळत नाही. कब्जा घेऊन मिनिट झालं की प्रेक्षक ओरडतात, “उभी करा!” कमिटीला पुढच्या जोड्या उरकायच्या असतात, पंच दोघांना उभं करतो, आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवतात. खालचा पैलवान हे ओळखून असतो. तो नुसता चिकटून राहतो. वरच्यालाही कळतं, घिस्सा जमवत बसण्यात अर्थ नाही. गुडघे बोटभर वर धरून वजन ठेवण्याची विद्या पोरं शिकतील कशाला, जिथे तिचं फळ येण्याआधी शिट्टी वाजते?

हुमनाबाद, भालकी, आळंद, उदगीर, निलंगा, कुठल्याही जत्रा कमिटीवर आपण असाल, तर यंदा एवढं करा. जोड्या दहा कमी लावा. निवेदकाला सांगा, कब्जा लागला की लोकांना खालचा खेळ समजावून सांग. आणि वरचा गडी खरोखर काम करत असेल तोवर त्याला किमान पाच मिनिटं उठवू नका. इनाम वाढवायला पैसे लागतात, याला लागत नाहीत.