आद्याक्षरांतील ग्रंथकार : मराठी लेखकनामांचा विचार

'ययाति'चे कर्ते वि. स. खांडेकर, 'नटसम्राट'चे वि. वा. शिरवाडकर, 'रथचक्र'चे श्री. ना. पेंडसे, 'काजळमाया'चे जी. ए. कुलकर्णी, 'बटाट्याची चाळ'चे पु. ल. देशपांडे ही ग्रंथ आणि ग्रंथकार यांची जोडी मराठीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. आडनावापूर्वीच्या अक्षरांकडे मात्र तो सोयीस्कर संक्षेप म्हणूनच पाहतो. वस्तुतः लेखकाने स्वतःचे नाव कोणत्या रूपात छापले, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. त्या रूपात कुळाचा, लिपीचा आणि क्वचित वाङ्मयीन भूमिकेचाही निर्णय दडलेला असतो.

प्रथम रचनेचा विचार करावा. इंग्रजी कवी टी. एस. एलियट यांच्या नावातील 'टी.' म्हणजे टॉमस आणि 'एस.' म्हणजे स्टर्न्स. ही दोन्ही कवीचीच नावे, त्यांत वडिलांचे नाव नाही. मराठीत पहिले अक्षर व्यक्तीचे आणि दुसरे तिच्या पित्याचे. त्यामुळे ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे यांच्याबाबत नवख्या अभ्यासकाचा घोटाळा होतो. 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिणारे हरि नारायण (१८६४–१९१९) आणि 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे नारायण हरि (१८८९–१९७१) हे दोन स्वतंत्र कादंबरीकार होत. अक्षरांची अदलाबदल पाहून त्यांना पितापुत्र समजण्याचे कारण नाही.

दुसरे अक्षर पित्याचे असल्याने दत्तकविधानाने लेखकाची आद्याक्षरेही पालटतात. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम. १९१६ मध्ये ते दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. वि. वा. शिरवाडकर हेही जन्माने गजानन रंगनाथ. दत्तकविधानानंतर ते विष्णु वामन झाले. मराठीला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारे पहिले दोन साहित्यिक (अनुक्रमे १९७४ व १९८७ सालच्या पुरस्काराचे मानकरी) असे दोघेही जन्मनाव मागे ठेवून आलेले आहेत. हा योगायोग मौजेचा खरा, पण 'ग. आ. खांडेकर' वाङ्मयसूचीत कोठेच का भेटत नाहीत, याचे उत्तर वाङ्मयात नसून दत्तकपत्रात आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

लिपीचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. देवनागरीत आद्याक्षर म्हणजे नुसते व्यंजन नव्हे. स्वरासह, अनुस्वारासह, प्रसंगी जोडाक्षरासह संपूर्ण अक्षर घेतले जाते. म्हणून नारायण सीताराम फडके हे 'ना. सी.' होतात, नामदेव धोंडो महानोर 'ना. धों.' आणि चिंतामण त्र्यंबक खानोलकर 'चिं. त्र्यं.'. 'चिं.'वरील अनुस्वार गळला तर ते 'चिरंजीव'चे 'चि.' वाटेल. 'श्री. ना. पेंडसे' यातील 'श्री.' तर आदरार्थी उपपदासारखाच दिसतो, पण तो श्रीपाद आहे. हीच नावे रोमन लिपीत गेली की हे वैभव नाहीसे होते. वसंत, विष्णु, वामन या सर्वांचे मग एकच 'व्ही.' होते आणि खानोलकर 'सी. टी.' म्हणून ओळखू येईनासे होतात. इंग्रजी तालिकेवर विसंबून मराठी ग्रंथ शोधणाऱ्याने ही हानी गृहीत धरूनच चालावे.

या पार्श्वभूमीवर जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे नाव निराळे ठरते. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे मराठी प्रघातानुसार 'गु. आ. कुलकर्णी' व्हायला हवे होते. त्यांनी इंग्रजी वर्णांची नावे देवनागरीत आणली. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या या कथाकाराला ती लेखणी सहज होती, एवढे म्हणून हा विषय सोडता येईल. पण परिणाम लक्षणीय आहे. 'गु. आ.' या अक्षरांतून गुरुनाथ अंदाजाने तरी काढता येतो, 'जी. ए.' यांतून कोणतेही मराठी नाव ऐकू येत नाही. 'निळासावळा' (१९५९) ते 'पिंगळावेळ' (१९७७) या कथाविश्वाभोवती एक अलिप्त, जवळजवळ निनावी कर्ता उभा राहिला, त्यात या दोन अक्षरांचा वाटा नाकारता येत नाही. मराठवाड्यातील बी. रघुनाथ यांनी याच्या उलट केले : स्वतःच्या 'भगवान'चे इंग्रजी 'बी.', पित्याचे नाव पूर्ण आणि 'कुलकर्णी' हे आडनाव अजिबात गाळलेले.

वाचकांनीही ही अक्षरे स्वस्थ राहू दिली नाहीत. माडगूळकरांचा 'ग. दि.' आडनावाचे आद्याक्षर घेऊन 'गदिमा' झाला, दांडेकर 'गोनीदा' झाले. मराठी व्याकरणाने मग त्यांना आदरार्थी अनेकवचन लावले : गदिमांनी, वपुंनी, जीएंनी, पुलंनी. यातील 'पुलं'वरचा अनुस्वार वास्तविक सामान्यरूपाचा आहे. परंतु 'पुलं आले' असे प्रथमेतही तो सर्रास लिहिला जातो. हा अनुस्वार व्याकरणाला मान्य नसला तरी जिव्हाळ्याने रूढ केला आहे.

काही लेखकांनी आद्याक्षरे आणि टोपणनाव यांत आपल्या वाङ्मयाची वाटणीच केली. 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची, 'नटसम्राट' शिरवाडकरांचे. 'जोगवा' (१९५९) आरती प्रभु यांचा, 'कोंडुरा' (१९६६) चिं. त्र्यं. खानोलकर यांची. दोन्ही ठिकाणी कविता टोपणनावाकडे गेली आणि कादंबरी-नाटक कुळाच्या नावाकडे राहिले. कवी आणि नाटककार म्हणून एकाच लेखकाचे परीक्षण करताना ही वाटणी त्याने स्वतः घातलेली आहे, याचे भान समीक्षेत अनेकदा सुटते.

आद्याक्षरांच्या या पंक्तीत कोण बसले नाही, हेही पाहिले पाहिजे. एकाच घरातील पती 'ना. वा. टिळक' आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणारी पत्नी 'लक्ष्मीबाई टिळक'. स्त्रीचे नाव संक्षेपाने येणे विरळाच. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर हे संपूर्ण नवे नाव घेतले, अक्षरांच्या आड त्या गेल्या नाहीत. साठोत्तरी पिढीत भालचंद्र नेमाडे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांनी पित्याचे अक्षर वगळून नाव आणि आडनाव एवढेच ठेवले. महानोरांसारखे अपवाद राहिले, तरी प्रघाताची पकड तेथून सैल झाली.

दलित लेखनात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचे कर्ते दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. प्रघाताप्रमाणे त्याचे 'द. मा. पवार' झाले असते. म्हणजे विनोदी कथाकार द. मा. मिरासदार यांचीच दोन अक्षरे, आणि त्या अक्षरांत 'दगडू' कोणाला दिसला नसता. आद्याक्षर नावाला झाकते. मूल जगावे म्हणून किंवा गावाने हिणवावे म्हणून पडणारी नावेही त्यात सभ्य होऊन जातात. पवारांनी ते झाकण नाकारले. मुखपृष्ठावर 'दया' राहिला, आणि पुस्तकात त्याच्यासमोर बसून आपली हकिगत सांगणारा माणूस संपूर्ण नावाने येतो : दगडू मारुती पवार.