उत्तर देणारा आमचा होता

आपल्या उपनगरांचा खासदार एके काळी देशाचा संरक्षणमंत्री होता, हे आज बोरिवली लोकलमध्ये कुणाला सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. पण १९५७ ते १९६७ अशी दहा वर्षं व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईचे खासदार होते, आणि त्यातली साडेपाच वर्षं संरक्षण खातं त्यांच्याकडे होतं. तेव्हा मतदारसंघ अवाढव्य असत. बहुतेक उपनगरं या एकाच मतदारसंघात होती. म्हणजे सैन्याकडे बंदुका किती, लडाखमध्ये रस्ता कुठवर पोचला, असं काही सरकारला विचारायचं झालं, तर ज्याच्यामार्फत विचारायचं तो आणि ज्याने उत्तर द्यायचं तो, हा एकच माणूस होता. युद्धकाळातल्या संसदेचा मागोवा मी याच टोकापासून घेतो, कारण हे टोक आमच्या घराजवळचं आहे.

१९६२ च्या फेब्रुवारीत या मतदारसंघात जी निवडणूक झाली, तशी उपनगरांनी पुन्हा पाहिली नाही. मेननांच्या विरोधात ७३ वर्षांचे आचार्य कृपलानी उभे होते. एके काळचे काँग्रेस अध्यक्ष, गांधीजींचे सहकारी. त्यांचा मुंबईशी तसा संबंध नव्हता. ते आले होते ते एका माणसाला जाब विचारायला. ११ एप्रिल १९६१ रोजी लोकसभेत त्यांनी मेननांवर जे भाषण केलं, ते गाजलं होतं. सैन्यात गट पाडले, मनोधैर्य खचवलं, पैसा वाया घालवला, असे थेट आरोप त्यात होते. प्रजासमाजवादी, जनसंघ, स्वतंत्र पक्ष असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले. मेननांसाठी खुद्द नेहरू प्रचाराला आले, नेहरूंच्या शब्दाखातर दिलीपकुमार सभांतून बोलले. दोनच महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता, त्या विजयाचं वारं मेननांच्या शिडात होतं. मतमोजणीत मेननांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मतं पडली. उपनगरांनी उत्तर देणाऱ्याला दिल्लीला पाठवलं आणि प्रश्न विचारणाऱ्याला घरी.

मतदारांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण प्रश्न नवे नव्हते, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये चीनच्या सीमेवर लोंग्जूला गोळीबार झाला. त्याच सुमारास चीनने अक्साई चीनमधून रस्ता नेल्याची कबुली नेहरूंना संसदेत द्यावी लागली, तीही सदस्यांनी खोदून खोदून विचारल्यावर. सप्टेंबरमध्ये भारत-चीन पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका आली. लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा देऊन मागे घेतल्याचं प्रकरण त्याच दिवसांतलं. ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले. राजापूरचे नाथ पै त्या लोकसभेत होते. मुंबईत पोटापाण्यासाठी आलेला कोकणी माणूस त्यांचं भाषण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शोधून वाचायचा. तीन वर्षं प्रश्न येत राहिले, आणि तीन वर्षं उत्तरांचा सूर काळजीचं कारण नाही असाच राहिला.

२० ऑक्टोबर १९६२ ला उत्तरं संपली. पूर्वेला नामका चू आणि पश्चिमेला लडाख, दोन्हीकडे चिनी फौजा एकाच दिवशी चालून आल्या. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. हिवाळी अधिवेशन लवकर बोलवा ही मागणी अटलबिहारी वाजपेयींनी लावून धरली; ते तेव्हा राज्यसभेत होते, वय ३७. नेहरूंनी ती मानली आणि ८ नोव्हेंबरला संसद भरली. लढाई चालू असताना, सैन्य माघार घेत असताना. जोधपूरचे अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी चर्चा बंद दाराआड घ्यावी असं सुचवलं होतं. नेहरूंनी नकार दिला. हा विषय साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा आहे, तो उघड्यावरच बोलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १६५ सदस्य बोलले. नेहरूंच्या धोरणाबद्दल माझं मत काहीही असो, त्या एका नकारासाठी मी त्यांना मानतो.

मात्र त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. सरकार आणि विरोधक यांनी मिळून तसं ठरवलं आणि सभागृह दुपारी १२ वाजता भरू लागलं. भाषण आणि प्रश्न यांत फरक आहे. भाषणाला मंत्री भाषणाने उत्तर देतो आणि नको ते मुद्दे सोडून देऊ शकतो. प्रश्नाला तशी पळवाट नसते.

मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात लोकसभेच्या कामकाजाचे जाडजूड खंड मी पाहिले आहेत. पानं पिवळी पडलेली, कडा हात लावताच झडणाऱ्या. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक; तोंडी उत्तर हवं असेल तर त्या क्रमांकावर छोटी चांदणी, म्हणून तो तारांकित प्रश्न. खाली सदस्याचं नाव. मग ठरलेली ओळ, की संरक्षणमंत्री कृपा करून सांगतील का. त्याखाली (अ) अमुक गोष्ट खरी आहे का, (ब) असल्यास तिचा तपशील काय, (क) सरकारने काय पावलं उचलली. या तीन पायऱ्या किती विचाराने केल्या आहेत, हे वाचता वाचता कळतं. पहिल्या पायरीवर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि खरी चकमक पुढे असते, पुरवणी प्रश्नांत. तिथे हातात लिहून आणलेला कागद पुरत नाही. कुणीतरी मागच्या बाकावरून उठतो आणि विचारतो, मग बर्फात पाठवलेल्या जवानांच्या पायांत कॅनव्हासचे बूट का होते?

पण हा प्रश्न ज्यांना विचारायचा, ते त्या बाकावर उरलेच नव्हते. ३१ ऑक्टोबरला मेननांकडून संरक्षण खातं काढून घेतलं, त्यांच्याकडे फक्त संरक्षण उत्पादन ठेवलं. काँग्रेसच्याच खासदारांनी ते पुरेसं मानलं नाही. ७ नोव्हेंबरला, संसद भरण्याच्या आदल्या दिवशी, त्यांचा मंत्रिमंडळातूनही राजीनामा स्वीकारला गेला. उपनगरांचा खासदार साधा सदस्य म्हणून सभागृहात राहिला.

इकडे घरोघरी युद्ध वेगळ्या रूपात पोचलं. संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं. माझी आई सांगायची, घाटकोपरला चाळीत निधी गोळा करायला मंडळी आली तेव्हा शेजारच्या आजींनी एक बांगडी काढून दिली. साबण लावूनही ती हातातून निघेना, शेवटी कापून काढावी लागली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं. नवे दागिने १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे घडवायचे नाहीत. पिढीजात सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. पुढे अर्थसंकल्पात सक्तीची ठेव आली. युद्ध महिनाभरात थांबलं, पण आणीबाणी थेट जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. शत्रू माघारी गेला तरी लोकांना विनाचौकशी डांबण्याचा अधिकार सरकारला का हवा, हे विरोधक पाच वर्षं विचारत होते. सीमेवरच्या फौजांइतकंच हेही युद्धकाळातलं राज्य चालवणं होतं, आणि त्याची झळ सामान्य माणसाला थेट लागत होती.

मेननांच्या जागी मुंबईहूनच माणूस गेला. यशवंतराव चव्हाणांनी मुख्यमंत्रीपद सोडलं आणि २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण धावून गेल्यावर वर्षभर त्यांना करावं लागलेलं काम म्हणजे मुख्यतः उत्तरं देणं. पोटनिवडणुकीत अमरोह्याहून निवडून आलेले कृपलानी परत आले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला. चार दिवस चर्चा झाली. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी ठराव पडला, आणि तो पडणारच होता. पण ज्याला उपनगरांनी नाकारलं होतं, त्याने उपनगरांच्याही वतीने विचारायचं ते विचारलं.

दहा-बारा दिवसांनी, २ सप्टेंबरला, चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली होती. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांचं नेतृत्व, असे तिचे पाच मुद्दे होते. डोंगरी युद्धाचं शिक्षण अपुरं होतं, सामग्री कमी पडली, हे चव्हाणांनी मान्य केलं. अहवाल मात्र सुरक्षेच्या कारणाने मांडला नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मेले, १,६९६ बेपत्ता झाले. एवढ्या घरांना त्या अहवालात काय होतं हे कळलं नाही. चव्हाणांबद्दल मला आदर आहे. त्यांनी सैन्य पुन्हा उभं केलं आणि १९६५ मध्ये ते दिसलं. तरीही अहवाल दडवण्याचा तो निर्णय चुकला असं मी मानतो. त्या सप्टेंबरात नसेल, तर पाच वर्षांनी तो खुला व्हायला हवा होता.

मेननांची उपनगरांतली कारकीर्द पराभवाने संपली. १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारलं, ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, आणि मेनन पुन्हा हरले.

१९७१ चं युद्ध मला आठवतं. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, भोंगा झाला की खालून 'बत्ती बंद करो'ची हाक, आणि अंधारात वडिलांच्या कानाला लावलेला ट्रान्झिस्टर. त्या डिसेंबरात संसद चालू होती. ६ तारखेला बांगलादेशला मान्यता दिल्याची बातमी आणि १६ तारखेला ढाक्याच्या शरणागतीची बातमी, दोन्ही इंदिराबाईंनी सभागृहात सांगितल्या.

सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तास वगळला, तेव्हा पूर्वीचा दाखला म्हणून १९६२ चं नाव घेतलं गेलं. तीन महिन्यांपूर्वी गलवानमध्ये २० जवान पडले होते. १५ सप्टेंबरला संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन केलं, त्यावर विरोधकांना प्रश्न विचारू दिले नाहीत. १९६२ चा दाखला देताना त्याची दुसरी बाजू सांगायची राहून गेली. तेव्हा तास वगळला होता, पण १६५ जण बोलले होते.

हेंडरसन ब्रुक्स अहवालाबद्दल २०१० मध्ये लोकसभेत पुन्हा विचारणा झाली. त्यातला मजकूर आजही लष्करी दृष्टीने संवेदनशील आहे, असं लेखी उत्तर संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी दिलं. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. सरकारने तो अजून सभागृहात ठेवलेला नाही.