भुंग्याने अडवलेला हापूस

मे महिन्यात टिटवाळा स्टेशनबाहेर आंबा घ्यायचा तर काय करावं लागतं? वास घ्यायचा, घासाघीस करायची, पैसे मोजायचे. झालं! पण हाच हापूस न्यूयॉर्कला विकायचा असेल तर? तिथे नुसते पैसे चालत नाहीत. भुंग्याचा हिशेबही द्यावा लागतो.

हो, भुंग्याचा! हा पठ्ठ्या कोय पोखरतो. आंबा अगदी लहान, हिरवा असताना मादी त्याच्या सालीवर अंडं घालते. अळी गरातून वाट काढत थेट कोयीत शिरते आणि गंमत म्हणजे तिच्यामागचं भोक बुजून जातं. आंबा वाढतो, पिवळाधमक होतो, बाहेरून एकदम झकास. कोय फोडली की आत काळपट भुंगा!

असा भुंगा आपल्या बागांत पसरला तर काय, या भीतीने अमेरिकेने अनेक वर्षं भारतीय आंबा येऊच दिला नाही. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून एक नियम आहे: किडीच्या भीतीने दुसऱ्याचा माल अडवता येतो, पण त्याला शास्त्रीय कारण हवं. म्हणजे दार उघडून घ्यायचं तर नुसती विनवणी करून भागत नाही, शास्त्राने उत्तर द्यावं लागतं.

आता कोयीत दडलेल्या भुंग्याला गाठायचं कसं? औषध फवारा, आत पोचत नाही. गरम पाण्यात ठेवा, तर कोय तापेपर्यंत गर शिजायचा!

उत्तर सापडलं लासलगावला. टिटवाळ्याहून जाणारे रूळ कसारा घाट चढून, इगतपुरी, नाशिक रोड मागे टाकत तिकडेच जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तिथे ‘कृषक’ नावाचं केंद्र सुरू केलं, तेही मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. तिथे जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० मधून गॅमा किरण निघतात. आंब्याच्या बंद पेट्या त्यांच्यासमोरून फिरवल्या की किरण साल, गर, कोय, सगळ्यांतून आरपार जातात. किमान ४०० ग्रे इतकी मात्रा मिळाली की किडीची पुढची पिढी काही होत नाही. आणि आंबा किरणोत्सारी होतो का? मुळीच नाही. खिडकीतून ऊन आलं म्हणून खोलीत सूर्य राहायला येतो का?

२००७ च्या एप्रिलमध्ये भारतीय आंबा अमेरिकेत उतरला. त्याच वर्षी भारताने हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना आपल्याकडे वाट मोकळी केली. आंब्याच्या बदल्यात फटफटी! व्यापाराच्या बोलण्यांत असे सौदे चालतात.

पण दार एकदा उघडलं की कायमचं उघडं राहतं असं नाही. २०१४ साली फळमाश्या सापडल्या म्हणून युरोपने आंबा बंद केला. भारताने निर्यातीच्या तपासणीची व्यवस्था सुधारली आणि २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. कोरोनात अमेरिकेचे निरीक्षक इथे येऊ शकले नाहीत, म्हणून २०२० आणि २०२१ मध्ये तिकडची निर्यात थांबली. बागेत आंबा तयार, पण शिक्का मारणारा माणूस नाही! अशा वेळी बड्या देशांपेक्षा आपल्या शेतकऱ्याचंच जास्त नुकसान होतं, असं मला वाटतं.

आणि हो, अमेरिकेतल्या मावशीकडे जाणार असाल तर बॅगेत हापूस लपवून नेऊ नका. विमानतळावर तो काढून घेतात!