जर-तरचा इतिहास : बायझंटाईन साम्राज्य पूर्वेकडे वाढलं असतं तर?



"सर, रोमन राजाने इराण जिंकलंच असतं तर?" मुलांनी असं विचारलं की आपण "आत्याबाईला मिशा असत्या तर..." म्हणून विषय संपवतो. पण घटनांमागची कारणं समजावायला हा प्रश्न फार उपयोगी आहे. अट एवढीच, की एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. चला, करून पाहू.

आधी खरं काय घडलं ते बघू.

सहाव्या शतकात दोन मोठ्या सत्ता शेजारी होत्या. एक कॉन्स्टँटिनोपलचे (आजचं इस्तंबूल) पूर्व रोमन, ज्यांना आपण बायझंटाईन म्हणतो. दुसरे इराणचे ससानी. आर्मेनिया आणि मेसोपोटेमियासाठी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या लढाया चालू होत्या.

इ.स. ५९० मध्ये इराणी सेनापती बहराम चोबीन याने बंड केलं. तरुण राजा दुसरा खुस्रो पळाला आणि थेट शत्रूच्याच, म्हणजे सम्राट मॉरिसच्या आश्रयाला गेला. मॉरिसने सैन्य दिलं आणि ५९१ मध्ये खुस्रोला गादी परत मिळवून दिली. बदल्यात मॉरिसला दारा हे किल्ल्याचं शहर आणि आर्मेनियाचा मोठा भाग मिळाला. म्हणजे पूर्वेकडची एवढी मोठी वाढ इराणला हरवून नव्हे, तर इराणच्या राजाला अडचणीत मदत करून झाली!

मग बिघडलं कुठे? मॉरिसच्या तिजोरीत खडखडाट होता. ६०२ मध्ये त्याने सैन्याला हिवाळा डॅन्यूब नदीपलीकडे, शत्रूच्या मुलुखातच काढायचा हुकूम दिला. सैनिक चिडले. फोकास नावाचा अधिकारी सम्राट झाला, आणि मॉरिसला त्याच्या मुलांसह ठार मारण्यात आलं. "माझ्या उपकारकर्त्याचा सूड घेतो" असं कारण पुढे करून खुस्रोने युद्ध पुकारलं. ६१४ मध्ये जेरुसलेम पडलं, पुढे इजिप्तही गेलं. शेवटी सम्राट हेराक्लियसने ६२७ मध्ये निनवेजवळ इराणी सैन्याचा पराभव केला. ६२८ मध्ये खुस्रोला त्याच्याच मुलाने पदच्युत करून मारलं आणि तह झाला. पंचवीस वर्षं लढून सीमा मात्र साधारण जुन्याच जागी!

आता जर-तरकडे वळू.

पहिला प्रश्न : हेराक्लियसने ६२८ मध्ये इराण ताब्यात ठेवायचं ठरवलं असतं तर?

हे जवळजवळ अशक्य होतं. रोमन सम्राट ट्राजनने ११६ मध्ये टेसिफोन ही राजधानी जिंकली होती, पण त्याच्यानंतर आलेल्या हेड्रियनने पूर्वेकडचे नवे प्रांत लगेच सोडून दिले. ३६३ मध्ये सम्राट ज्युलियन त्याच वाटेवर मारला गेला. टेसिफोनच्या पुढे झाग्रोसचे डोंगर, आणि पाठीमागे डॅन्यूबची सीमा उघडी. ६२६ मध्ये तर अवार लोकांनी कॉन्स्टँटिनोपललाच वेढा घातला होता. जिंकणं एक वेळ जमेल, सांभाळणार कोण?

दुसरा प्रश्न : तो हिवाळ्याचा हुकूम निघालाच नसता तर?

हा प्रश्न जास्त चांगला, कारण इथे खरंच एकच गोष्ट बदलते. मॉरिस जगला असता तर ते महायुद्ध कदाचित टळलं असतं. अरब सैन्य आलं तेव्हा दोन्ही सत्ता थकलेल्या होत्या. ६३६ मध्ये यार्मुकला बायझंटाईन हरले. ६५१ मध्ये शेवटचा ससानी राजा तिसरा यझ्दगर्द मारला गेला. दोघं ताज्या दमाचे असते तर सामना अटीतटीचा झाला असता. पण "अरब हरलेच असते" असं मात्र म्हणता येत नाही. त्यांची एकजूट आणि खालिद इब्न अल-वलीदसारखे सेनापती ही त्यांची स्वतःची ताकद होती.

मुलांना हे सगळं दूरचं वाटेल. तेव्हा पारशी समाजाची आठवण करून द्या. जरथुष्ट्री धर्माला ससानी राजांचा आश्रय होता. ते राज्य गेल्यानंतरच्या काळात काही जरथुष्ट्री लोक गुजरातच्या किनाऱ्यावर आले, तेच आपले पारशी. ससानी राज्य टिकलं असतं तर ते आले असते का? मुलांनाच विचारा.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखा : 'काय घडलं', 'कोणती एक गोष्ट बदलली', 'कदाचित काय झालं असतं आणि का'. तिसऱ्या रकान्यात 'कदाचित' आणि 'कारण' हे दोन शब्द सक्तीचे. कारण देता आलं नाही तर वाक्य पुसायचं.

"जो जिंकला तो मोठा" एवढंच शिकून मुलं वर्गाबाहेर पडू नयेत, म्हणून हा खटाटोप. जिंकलेलं टिकत का नाही आणि मदतीने मिळालेलं एका हुकुमाने कसं जातं, हे मुलांना कळलं तर तो तास सार्थकी लागला. करून बघा आणि मुलांची उत्तरं नक्की कळवा.